रेगन '76: 268, 269 आणि मेल्विन लेअर्ड

माझ्या कल्पित इतिहासात (टाइमलाइनमध्ये) 1976 साली रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी राष्ट्राध्यक्ष फोर्डला नाही, रेगनला मिळते. तर रेगनच्या गळ्यात उमेदवारीची माळ पडली, अधिवेशनाच्या केम्पर अरीनात फुगे सुटले, आणि तिथेच घोडं अडलं. उपाध्यक्षपदासाठी जोडीदार कोण? शीटमध्ये नाव बदलावं, एंटर दाबावं, की उत्तर 268 नाहीतर 269 इलेक्टोरल मतं (राज्य जिंकल्यावर मिळणारी), आणि जिंकायला लागतात 270. काल रात्री एक नाव सुचलं आणि गाडी हलली, म्हणून हा भाग घाईने टाकतोय.

आधी पीओडीबद्दल, म्हणजे मी इतिहास जिथे वळवला त्या क्षणाबद्दल. "सप्टेंबर 1975 पर्यंत मागे कशाला गेलास, मिसिसिपीचं शिष्टमंडळ फिरवलं असतंस तरी भागलं असतं," असं दोघा-तिघांनी म्हटलं. नसतं भागलं. ओटीएलमध्ये, म्हणजे खऱ्या इतिहासात, नियम 16-सी वर (जोडीदाराचं नाव आधीच जाहीर करायला लावणारा, रेगनच्या बाजूने मांडलेला) 1180 विरुद्ध 1069 असं मतदान होऊन तो पडला. मिसिसिपीचे तीसच्या तीस उचलून रेगनकडे टाका, 1150 विरुद्ध 1099. तरी पडलाच. म्हणून मी रेगनच्या सप्टेंबर 1975 च्या भाषणातून 90 अब्ज डॉलर्सची योजनाच (केंद्राची कामं राज्यांकडे सोपवून तेवढा खर्च कापायची) काढून टाकली. मग न्यू हॅम्पशायरची प्राथमिक निवडणूक रेगनची (खऱ्या इतिहासात तिथे तो दोन हजारांहून कमी मतांनी हरला होता), आणि उमेदवारी अधिवेशनाच्या आधीच खिशात. रेगनचा प्रचारप्रमुख जॉन सीअर्सला जुलैत श्वायकरचा जुगार (पेनसिल्व्हेनियाच्या या उदारमतवादी सिनेटरचं नाव अधिवेशनाआधीच जोडीदार म्हणून जाहीर करायचा) खेळायची गरजच उरत नाही. जोडीदाराची पाटी कोरी.

आता हिशेब. खऱ्या निवडणुकीत डेमोक्रॅट कार्टरशी हरलेल्या फोर्डने जिंकलेली राज्यं 241 मतांची (वॉशिंग्टनच्या एका इलेक्टरने रेगनला मत दिलं, म्हणून सगळीकडे 240 दिसतात). फोर्ड नाही म्हणजे त्याच्या घरच्या मिशिगनचे 21 गेले. ओरेगन तो 1,713 मतांनी जिंकला होता, मेन चार हजारांनी. रेगनच्या नावावर ही दोन्ही टिकतील असं मला वाटत नाही, आणखी 10 वजा. उरले 210. ओहायो कार्टरला 11 हजारांनी मिळालं होतं आणि मिसिसिपी 14 हजारांनी, ती दोन्ही रेगनला दिली: 25 अधिक 7. झाले 242. जोडीदाराने 28 आणायचे.

टेक्सासचा माजी गव्हर्नर जॉन कॉनली टाकला, टेक्सास आलं. टेक्सासचे 26. बेरीज 268! दोन मतांनी अडकलो. शिवाय दूध-प्रकरणात (दूध उत्पादकांकडून लाच घेतल्याचा आरोप) तो निर्दोष सुटला असला तरी खटला 1975 चाच, आणि वॉटरगेटच्या जखमेवर निक्सनचा माणूस नेऊन बसवायचा म्हणजे कार्टरला घरपोच भाषण.

मग श्वायकरच परत आणून पाहिला. अधिवेशनात त्याला स्वतःचं पेनसिल्व्हेनियाचं शिष्टमंडळ फोडता आलं नव्हतं, पण नोव्हेंबरमध्ये कामगार संघटनांची मतं ओढेल असं धरून राज्याचे 27 दिले. 269. बरोबर निम्मे! निवड हाउसकडे (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे), तिथे एका राज्याला एक मत, बहुसंख्य शिष्टमंडळं डेमोक्रॅट, म्हणजे कार्टरच. एवढा खटाटोप करून ओटीएललाच परत यायचं तर टाइमलाइन कशाला लिहायची? 269-269 चा नकाशा मात्र मी जपून ठेवलाय, इतका सुंदर आलाय. (आणि हो, आज लाल रंग रिपब्लिकनांचा असला तरी माझ्या नकाशात कार्टर लालच राहणार. त्या वर्षी एनबीसीच्या नकाशावर तो लालच होता. तक्रारी बंद.)

टेनेसीचा सिनेटर हॉवर्ड बेकर सगळ्यांचा लाडका, पण टेनेसीत कार्टर 13 टक्क्यांनी पुढे होता. जॉर्ज बुश बाद. सीआयएच्या प्रमुखपदासाठी त्याला सिनेटची मंजुरी मिळवताना फोर्डने लेखी कळवलं होतं की 76 साली उपाध्यक्षपदासाठी याचा विचार करणार नाही. ते पत्र रेगनला बांधील नाही, पण गुप्तहेरखात्याचा प्रमुख थेट तिकिटावर आला तर सिनेट खवळेल, आणि तो आणणार कुठलं राज्य?

तर नवं नाव: मेल्विन लेअर्ड. विस्कॉन्सिनचा जुना काँग्रेसमन, निक्सनचा संरक्षणमंत्री, सक्तीची सैन्यभरती संपवणारा. विस्कॉन्सिन कार्टरने 35 हजारांनी घेतलं होतं, तिथले 11. मुख्य म्हणजे तो फोर्डचा जुना दोस्त. अ‍ॅग्न्यू गेल्यावर त्याच्या जागी उपाध्यक्ष म्हणून फोर्डचं नाव पुढे रेटणाऱ्यांत तो होता. तोच तिकिटावर असेल तर दुखावलेला फोर्ड रेगनसाठी नाही, पण मेलसाठी मिशिगनमधल्या आपल्या ग्रँड रॅपिड्समध्ये उभा राहील. मिशिगनचे 21 परत. 242 अधिक 32, एकूण 274. एंटर दाबल्यावर खुर्चीतून उठून घरभर फिरलो.

साधनांचं एक सांगतो. रेडीमेड नकाशांवर विसंबू नका, बरेचसे आजचीच इलेक्टोरल मतं धरतात, टेक्सासला 40 देतात. मी सगळं कॅल्कच्या शीटमध्ये हाताने भरतो. वेळ जातो, पण प्रत्येक आकडा ओळखीचा होतो.

आता खुपतंय ते हे: 1969 मध्ये लेअर्डने काँग्रेसमधली जागा सोडली, तर पोटनिवडणुकीत ती डेमोक्रॅट डेव्हिड ओबीने जिंकली. घरची जागा ज्याच्या मागे टिकली नाही तो राज्य काय फिरवणार? त्यात 76 पासून विस्कॉन्सिनमध्ये मतदानाच्या दिवशीच नावनोंदणी सुरू झाली, म्हणजे मॅडिसनचे डेमोक्रॅटांकडे झुकणारे विद्यार्थी आयत्या वेळी रांगेत. 35 हजारांची दरी राज्यभर सरसकट टक्का हलवून भरता येणार नाही, काउंटीवार जावं लागेल.

आणि हे लिहिता लिहिता लक्षात आलं की नॉर्थ कॅरोलायनाचा कट्टर उजवा सिनेटर जेसी हेल्म्स गप्प बसेल कसा? खऱ्या इतिहासात श्वायकरच्या नावाने तो पेटला होता, इथे फोर्डचा दोस्त ऐकल्यावर न्यूयॉर्कचा सिनेटर जेम्स बकलीला उपाध्यक्षपदासाठी उभा करेल. म्हणजे पुढचा भाग प्रचाराचा नाही, अधिवेशनातच दुसऱ्या मतमोजणीचा. बकलीची मतं कुठून येतील याची यादी सुरू केलीय. टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलायना धरलेत. लेअर्डचं गाव मार्शफिल्ड आणि आसपासच्या काउंट्यांचे 72 आणि 76 चे आकडे कुणाकडे नीट टाइप केलेले असतील तर द्या, तोवर मी हेल्म्सला आवरतो.