'अजून नाही'चा रकाना

लेक अडीच वर्षांची व्हायच्या सुमारास घरी एक प्रश्नावली आली. इंग्लंडमध्ये दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाचा एक आढावा घेतात. तो घेते हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळंतपणानंतर आई-बाळाला बघायला घरी येणारी नर्स. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन होते: हो, कधीकधी, अजून नाही. दोन शब्द जोडून बोलते का? हवं ते बोट करून दाखवते का? बाहुलीला खोटं खोटं भरवते का? आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसून खुणा करत गेलो. पान उलटलं तर 'अजून नाही'चा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला. बायकोने पेन घेतलं आणि दोन खुणा खोडून 'कधीकधी'त केल्या. मी काही बोललो नाही. तिने केल्या नसत्या तर मीच केल्या असत्या.

घरी फोनवर सांगितलं तर दिलाशांची रांग लागली. अमुक काका पाच वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, आता बघ, गप्प बसवावं लागतं. मुली लाजाळू असतातच. घरात एक भाषा, बाहेर दुसरी, गोंधळली असेल बिचारी. माणसं प्रेमाने बोलत होती आणि आम्हाला ते ऐकायचंच होतं. पण लेक अख्खी गाणी सुरात म्हणायची आणि तहान लागली की माझ्याकडे बघून विचारायची, "पाणी हवं का?" पाणी मिळण्याआधी हे वाक्य कानावर पडतं, एवढं तिने पक्कं ओळखलं होतं. त्यामुळे मागायचं असलं तरी तेच वाक्य. ऐकलेलं वाक्य असं जसंच्या तसं म्हणण्याला एकोलॅलिया म्हणतात, हे नंतर कळलं. ही पोपटपंची नाही, तिच्यासाठी हे बोलणंच आहे, हेही नंतरच कळलं.

हेल्थ व्हिजिटरने आमच्या खोडलेल्या खुणा पाहिल्या असणार. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आधी श्रवणचाचणी करून घ्या म्हणाली, कारण बोलणं उशिरा येणाऱ्या मुलाचे कान पहिल्यांदा तपासायचे असतात. मग स्पीच थेरपी आणि ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, तपासणीसाठी नाव पाठवते म्हणाली. "ऑटिझम आहे असं मी म्हणत नाहीये, असू शकतो." घरी परतताना गाडीत आम्ही दोघं त्या 'असू शकतो'चा कीस काढत बसलो.

चाचणीत कान उत्तम निघाले. मग पत्र आलं की नाव यादीत आहे. इथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ऑटिझमच्या पथकाकडे नाव गेल्यापासून तीन महिन्यांत तपासणी सुरू व्हायला हवी. प्रत्यक्षात अनेक भागांत ती वाट वर्षांमध्ये मोजतात. आमच्या पत्रात तर तारीखच नव्हती.

इथे आम्ही मोठी चूक केली. आधी डॉक्टरांचं निदान, मग उपचार, हा क्रम आपल्या डोक्यात घट्ट बसलेला असतो. निदानाचा कागद हातात आल्याशिवाय मदत मागायची कशी, असं वाटून सहा महिने आम्ही नुसतं दारातल्या पत्रपेटीकडे बघत काढले. शेवटी नर्सरीतल्या बाईंनीच विचारलं, "तुम्ही कशासाठी थांबलाय?" त्या तिथल्या सेन्को, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांची जबाबदारी असलेल्या शिक्षिका. तपासणीची रांग वेगळी आणि मदतीची वाट वेगळी, हे त्यांनी सांगितलं. शाळा-नर्सरीतली मदत मुलाच्या गरजेवर ठरते, निदानाच्या नावावर नाही. २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टनुसार प्रत्येक कौन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, आपल्या भागातल्या अशा सगळ्या सोयींची यादी जाहीर करावी लागते. तिचं नाव 'लोकल ऑफर'. एखाद्या सेलची जाहिरात वाटावी असं नाव असल्यामुळे आम्ही दोनदा तिच्यावरून पुढे गेलो होतो.

यादी म्हणजे चक्रव्यूह आहे, पण त्यातून दोन गोष्टी सापडल्या. एक, 'सेंडियास' नावाची मोफत सल्लासेवा. ती प्रत्येक कौन्सिलच्या भागात असते आणि कौन्सिलची बाजू न घेता पालकांना कायदा समजावून देते. दुसरी, पोर्टेज. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या पोर्टेज गावात सुरू झालेल्या पद्धतीचं हे नाव. शाळेआधीच्या वयाच्या मुलांना घरी येऊन खेळातून शिकवतात. आमच्याकडे येणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी लेकीला एकही प्रश्न विचारला नाही. तासभर तिच्याशेजारी जमिनीवर बसून तिच्यासारखेच ठोकळे रांगेत लावत राहिल्या. शेवटी लेकीने स्वतःहून त्यांच्या हातात एक निळा ठोकळा ठेवला. दाराशी त्या म्हणाल्या, आज एवढंच. त्या रात्री माझी बायको कितीतरी दिवसांनी नीट झोपली.

आता भाषेचं सांगतो, कारण तिथे आम्ही स्वतःच्या हाताने घात केला होता. कुणीतरी चांगल्या हेतूने सल्ला दिला होता की घरीही इंग्रजीच बोला, म्हणजे तिला एकच भाषा पेलावी लागेल. आम्ही लगेच ऐकलं. तीन महिने घरात मराठी बंद. परिणाम असा झाला की आम्हीच मुके झालो. ऑफिसात माझं इंग्रजी धो धो वाहतं, पण घाबरलेल्या मुलीला कुशीत घेऊन काय म्हणायचं ते मला इंग्रजीत येत नाही. "अगं बाई, काय झालं माझ्या चिमणीला" हे ज्या सुरात म्हणतात तो सूर त्या भाषेत मला सापडलाच नाही. लेकीची गाणी कमी झाली. माझ्या आईचा फोन आला की ती तिकडून बोलायची आणि आम्ही इकडे भाषांतर करत बसायचो. स्पीच थेरपिस्टला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, तुमची भाषा आजच्या आज परत सुरू करा. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलं मागे पडतात असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट घरची भाषा काढून घेतली तर घरच्यांशी होणारा संवादच जातो. संध्याकाळी घरी येऊन आम्ही दोघं इतकं मराठी बोललो की शेजाऱ्यांना भांडण वाटलं असेल.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जाणं आम्ही बंद केलं होतं. कारण म्हणून गोंगाट सांगायचो, पण खरी भीती लोकांच्या नजरेची होती. एकदा मंडळातल्या एक ताई स्टेशनवर भेटल्या आणि बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझा मुलगा चौदाचा आहे. मंडळात कुणाला माहीत नाही." त्यांनी मला पालकांच्या गटात नेलं. महिन्यातून एकदा एका सभागृहात दहा-बारा खुर्च्या मांडतात, निरनिराळ्या देशांतली माणसं येतात. तिथे कुणी म्हणत नाही की मोठी झाली की होईल ठीक. व्यवहाराच्या गोष्टी मी तिथेच शिकलो. फोनवर बोललेलं हवेत जातं, म्हणून प्रत्येक गोष्ट ईमेलने मागायची. तपासणीच्या दिवशी मूल नेमकं शहाण्यासारखं वागतं, म्हणून घरातले छोटे व्हिडिओ काढून ठेवायचे.

व्हिसावर असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. कुणी सहज सांगेल की डीएलए, म्हणजे अपंग मुलांसाठीचा सरकारी भत्ता, त्याचा अर्ज भरून टाका, त्याला निदानही लागत नाही. निदानाचं बरोबर आहे. पण आपल्यातले बरेच जण ज्या व्हिसावर येतात त्यावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सार्वजनिक निधीतून मदत घ्यायची नाही, अशी अट असते आणि हा भत्ता त्या सार्वजनिक निधीत मोडतो. नकळत घेतला तरी पुढे व्हिसाला अडचण येऊ शकते. सरकारी शाळा आणि एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचे उपचार मात्र त्या निधीत धरत नाहीत. आम्ही आधी या अटीच्या धास्तीने तिथेही हात आखडता घेतला होता, तेव्हा तुम्ही तसं करू नका. भत्त्याला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या सल्लागाराला विचारा.

सध्या आम्ही ईएचसी प्लॅनच्या मागे आहोत. शाळेत कोणती मदत किती मिळेल हे कायद्याने बांधणारा तो दस्तऐवज. त्यासाठी पालक स्वतः अर्ज करू शकतात. मुलाच्या गरजांची तपासणी करायची की नाही हे कौन्सिलने सहा आठवड्यांत कळवायचं असतं, सगळी प्रक्रिया वीस आठवड्यांत. आम्हाला पाचव्या आठवड्यात नकार आला. त्या पत्राने पूर्वी मी खचलो असतो. आता माहीत होतं की नकाराविरुद्ध ट्रायब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, जाता येतं आणि तिथे पालकांचं म्हणणं बऱ्याचदा मान्य होतं. सेंडियासच्या बाईंबरोबर बसून कागद तयार केलेत. निदानाच्या रांगेत अजून आहोतच.

परवा आईचा व्हिडिओ कॉल आला. लेक ठोकळे सोडून फोनजवळ आली, पडद्यावरच्या आजीकडे बघून थेट आजीच्याच सुरात म्हणाली, "जेवलीस का गं?" आई रोज तिला हेच विचारते. पूर्वी मी मध्ये पडून सांगितलं असतं की आई, ती फक्त तुझं वाक्य म्हणून दाखवतेय. या वेळी गप्प बसलो. आई म्हणाली, "हो, जेवले. तू?" लेक बराच वेळ आजीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हातातला निळा ठोकळा कॅमेऱ्यासमोर धरला.