सहा सेंटिमीटरची विडो

दुपारच्या निवांत वेळी टाकीच्या काचेला पट्टी लावून मासा मोजून पाहावा. पट्टीला समांतर येतो येतो आणि आकडा वाचेपर्यंत गिरकी घेतो. त्यात शेपटी धरायची की सोडायची, हा शौकिनांचा जुना वाद. सोडायची. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, बस. या हिशोबाने घरोघरची ब्लॅक विडो, म्हणजे टाकीत पाळतात तो काळसर छोटा टेट्रा मासा, चार सेंटिमीटरच्या आसपास अडकलेली सापडते. नीट वाढवली तर पाचाच्या पुढे जाते, एखादी सहालाही टेकते.

‘टाकी बघून मासा वाढतो’ असं छातीठोकपणे सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. मासा टाकी-बिकी काही बघत नाही. थोड्या पाण्यात घाण लवकर साठते, नायट्रेट चढत जातं आणि वाढ खुंटते, एवढंच. खुंटलेला मासा ओळखायलाही सोपा: अंग लहान, डोळा मात्र मोठा. दुकानात असा दिसला तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. नंतर कितीही खाऊ घाला, लांबी भरून येत नाही. जे व्हायचं ते पहिल्या सहा-आठ महिन्यांत.

तेव्हा दोन फूट बाय एक बाय एकची टाकी घ्यावी. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर तिच्यात पन्नासेक लिटर पाणी राहतं. त्यात दीड-दोन सेंटिमीटरची सहा ते आठ पिल्लं, बास. सहापेक्षा कमी ठेवली तर एकमेकांचे आणि शेजाऱ्यांचे पर कुरतडत बसतात. मग आठवड्यातून दोनदा वीस लिटरची एक बादली पाणी बदलायचं. माशाची लांबी खाद्याच्या डब्यापेक्षा या बादलीवर जास्त अवलंबून असते, पण डबा विकत मिळतो आणि बादली उचलावी लागते! नळाचं पाणी भरून चोवीस तास उघडं ठेवावं किंवा त्यात हायपो (क्लोरीन घालवणारं सोडियम थायोसल्फेट) टाकावा. पावसाळ्यात पालिकेचं पाणी क्लोरीनने दरवळत असेल तर हायपो विसरू नये.

खाणं दिवसातून तीन-चार वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. टाकीच्या दोन्ही टोकांना टाकावं, नाहीतर एकच दांडगी सगळं गिळते आणि बाकीच्या तशाच राहतात. पिल्लांना ताज्या आर्टेमियासारखं, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवांसारखं, दुसरं काही नाही. लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम खडे मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, तळापासून हवा आणि सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमान असलं की दुसऱ्या दिवशी केशरी ठिपके वळवळू लागतात. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात. खालचे जीव नळीने काढून सुती रुमालात गाळायचे, गोड्या पाण्यात धुवायचे आणि लगेच टाकायचे. उशीर केला तर त्यांच्या अंगातला बलक त्यांनीच संपवलेला असतो. गटारातल्या जिवंत ट्युबिफेक्सने (बारीक लाल किडे) मासे भराभर वाढतात हे खरं, पण सोबत रोगही येतो. नकोच ते.

मे महिन्यात पाणी तीस अंशांच्या वर गेलं की प्राणवायू कमी होतो. हवेचा पंप रात्रीही चालू ठेवावा, खाणं निम्म्यावर आणावं. पोट फुगलेली विडो म्हणजे मोठी विडो नव्हे. ती एकतर जाड झालेली असते किंवा अंड्यांवर आलेली मादी असते.

एवढं सगळं करून पूर्ण वाढलेली विडो हाती येते तेव्हा ती काळी उरलेली नसते. वयाबरोबर मागचा काळा भाग विटून राखाडी होतो. पाहुणे विचारतात, आजारी आहे का? दुकानात पिल्लं काळीभोर दिसतात म्हणून खपतात, आणि मोठेपणी कशी दिसतील हे तिथे कुणी विचारत नाही. मग रंग वाढवणाऱ्या खाद्याचा डबा आणला जातो. त्यातलं अस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य लाल-केशरी रंगावर काम करतं, काळ्यावर नाही. ते पैसे आर्टेमियाच्या अंड्यांना ठेवावेत.