तिन्हीसांजेची खेजडी

आपल्याकडे शमी भेटते ती दसऱ्याला किंवा गणपतीच्या पत्रीत, चिमूटभर पानांपुरती. अख्खं झाड, तेही चहूबाजूंनी मोकळं आभाळ घेऊन उभं असलेलं पाहायचं तर थरच्या वाळवंटात जावं. तिथे तिचं नाव खेजडी. जोधपूरहून ओसियाँ, फलोदीकडे जाताना बाजरीच्या शेतांमध्ये अंतराअंतरावर खेजड्या दिसतात. तिच्या सावलीने पीक बसत नाही, म्हणून शेतकरी ती राखतो. फोटोवाल्याचं त्यात आयतंच साधतं, कारण मावळतीवर काळी आकृती टिपताना पहिली अट हीच की दोन झाडं एकमेकांत शिरता कामा नयेत. काळ्यात काळं मिसळलं की झाड उरत नाही, ढेकूळ उरतं. रस्त्याकडेच्या वेड्या बाभळीचं तसंच होतं, नुसता गिचमीड.

खेजडीची आकृती एकट्या निसर्गाने काढलेली नसते. घेराची खालची कड बघा, पुष्कळदा कात्रीने कापल्यासारखी सरळ. उंटाची मान जिथवर पोचते तिथे ती रेघ. हिवाळ्यात वरचंही जातं. लूंग, म्हणजे तिचा पाला, सुकवून गुरांसाठी साठवतात, त्यासाठी फांद्या छाटतात. झाड मात्र पाडत नाहीत. हीच झाडं तोडू न देण्यासाठी 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत 363 बिष्णोईंनी, म्हणजे झाडं-प्राणी जपणाऱ्या पंथातल्या माणसांनी, जीव दिला होता. छाटणीमुळे डिसेंबर-जानेवारीत, नेमकी सहलींची गर्दी असते तेव्हा, कितीतरी खेजड्या वळलेल्या मुठीसारख्या उभ्या असतात. त्या मुठींचाही फोटो झकास येतो. पण छत्रीसारखा घेर हवा असेल तर पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जावं. हवा तेव्हा धुतलेली असते. मे-जूनमध्ये धूळ इतकी, की सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच फिकट नाण्यासारखा विरून जातो. तांबडा-केशरी रंग खुलतो तो हवेच्याच सूक्ष्म रेणूंमुळे. जाड धूळ सगळेच रंग सारखे उधळते आणि आभाळ गढूळ होतं.

आता कॅमेरा. त्याला आपण होऊन सगळं मध्यम उजेडाचं करायची खोड असते. झाड काळं दिसलं की तो बिचारा प्रकाश वाढवतो, मग झाड तपकिरी आणि आभाळ पांढरंफटक. म्हणून उजेडाची मोजणी स्पॉटवर, म्हणजे चौकटीतल्या एका ठिपक्यापुरती, ठेवायची, सूर्य चौकटीबाहेर ठेवून त्याच्या शेजारच्या आभाळावर मोजायचं आणि मॅन्युअलमध्ये, म्हणजे कॅमेरा आपण होऊन काही बदलणार नाही अशा मोडमध्ये, तो आकडा पक्का करायचा. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 100, एफ/8 (लेन्सच्या छिद्राचं माप) ला शटर साधारण 1/250 सेकंदाच्या आसपास येतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर असेल तर कॅमेरा केशरी रंगाला चूक समजून पुसतो, तेव्हा डेलाइट. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघताना लाल रंगाचा वेगळा बघावा, सगळ्यांत आधी तोच फुटतो, म्हणजे बारकावे जाऊन सपाट होतो. फोनवाल्यांनी एचडीआर (अंधार-उजेड दोन्हींतले बारकावे दाखवणारी सोय) बंद करावं, आभाळावर बोट दाबून धरावं आणि सूर्याची खूण खाली ओढावी. फोन हल्ली फार मनमिळाऊ झालेत, अंधारातलं पान न् पान दाखवायला धावतात. इथे नेमकं तेच नको असतं.

फोकस आभाळावर नाही, बुंध्याच्या कडेवर.

सूर्य झाडामागे मोठा हवा, असं सगळ्यांनाच वाटतं. पण फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर सूर्याचा व्यास म्हणजे लेन्सची फोकल लांबी, लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा, भागिले साधारण 108. 24 मिमीच्या लेन्सवर तो टाचणीचं टोक, 400 मिमीवर पावणेचार मिमीच्या आत-बाहेर. झाडाचं गणितही त्याच आकड्याने सुटतं. चार मीटर घेराची खेजडी सूर्याएवढी दिसायला सव्वाचारशे मीटर मागे सरकावं लागतं. घाई असते ती इथे, कारण क्षितिजाला टेकलेलं बिंब बुडायला दोन-अडीच मिनिटंच लागतात. जागा आधी हेरून ठेवावी, पण गेल्या जूनमधली जागा डिसेंबरला कामाची नाही. मावळतीचा बिंदू जूनपासून डिसेंबरपर्यंत जवळजवळ 53 अंश सरकलेला असतो. आणि लांब लेन्स लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून लेन्समधून थेट बघायच्या खिडकीतून) सूर्याकडे बघू नये. डोळा जातो.

गुडघे टेकून बसावं. कॅमेरा खाली आला की क्षितिजही खाली उतरतं आणि बुंधा आभाळावर सुटा दिसतो. उभ्याने काढलं तर बुंध्याचा खालचा भाग जमिनीच्या काळोखात बुडतो आणि झाड तरंगल्यासारखं दिसतं. जैसलमेरकडे जाल तितक्या पवनचक्क्या चौकटीत घुसतात. एक पाऊल डावीकडे सरकून बुंध्यामागे पाती दडवता येतात, तीसुद्धा एखाद्याच पवनचक्कीची.

वाळूचा त्रास वेगळाच. सूर्यासमोर लेन्सवरचा एकेक कण ठिपका होऊन चमकतो. तो रुमालाने पुसायचा मोह होतो, पण वाळू म्हणजे गारगोटी, काचेवर ओरखडे पाडते. आधी ब्लोअरने, हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने, फुंकावं. स्वस्तातला यूव्ही फिल्टर (लेन्सवर चढवलेली काच) काढून ठेवावा, नाहीतर सूर्याचं भूत, म्हणजे काचेवरून परतलेलं प्रतिबिंब, झाडाच्या काळ्यात हिरवं उमटतं. वाऱ्यात लेन्स बदलू नये.

बिंब बुडालं की लोक उठतात, उंट माघारी वळतात. वर ढग असतील तर खरा रंग त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी चढतो, ढगांच्या पोटांना खालून. शटर तोवर 1/15 वर आलेलं असतं. ट्रायपॉडने बुंधा स्थिर राहतो, टोकाच्या काटक्या मात्र वाऱ्याने हलतात आणि काळ्या रेघांचा धूर होतो. आयएसओ 800 करावा, 1/125 मिळतो, काटक्या पुन्हा काटक्या दिसतात.