वहीतले साठ किलो

काल जिममध्ये साठ किलोंचा स्क्वॉट होता, म्हणजे बार खांद्यावर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. चौथ्या सेटला तिसऱ्याच रेपला अडकले. खाली गेले आणि वर येणं झालंच नाही. बार सेफ्टीच्या आडव्या दांड्यांवर टेकवून वाकून बाहेर आले. सर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्या आल्या मोबाइलवर नवीन प्रोग्रॅम शोधायला बसले. पाच-तीन-एक नावाचा पटला. आपल्या कमाल वजनाचे नव्वद टक्के धरायचे आणि पहिल्या आठवड्यात त्याचे 65, 75, 85 टक्के उचलायचे. तक्ता आखायला वही काढली, कोरं पान शोधत मागे गेले आणि तिथेच अडकले.

मार्च: पाच बाय पाच, म्हणजे पाच सेट, प्रत्येकात पाच रेप. नुसता 20 चा बार, दर खेपेला अडीच किलो, 60 पर्यंत. पुढे काही नाही. ऑगस्ट: अप्पर-लोअर. 40 पासून 60. पुढे काही नाही. डिसेंबर: पुश-पुल-लेग्ज. 45, 50, 55, 57.5, 60. त्याखाली लाल पेनाने, पट्टी लावून मारलेली रेघ.

तीन प्रोग्रॅम आणि आकडा एकच. आता पुन्हा पाच बाय पाच, आणि पुन्हा तोच.

प्रत्येक वेळी कारणही लिहून ठेवलंय. मार्चमध्ये, ‘आठवड्यातून तीनदा स्क्वॉट गुडघ्याला जास्त होतो.’ गुडघा तेव्हा दुखत नव्हता. ऑगस्टमध्ये, ‘वेळ पुरत नाही.’ डिसेंबरचं मात्र खरं होतं. आईचं. ते जाऊ दे.

रात्री फार वाईट वाटलं. पहाटे साडेपाचचा गजर, डबा आदल्या रात्रीच भरून ठेवायचा, पावसात छत्री उलटी होईपर्यंत चालत जायचं, आणि एवढं करून मी तिथेच. माझ्या नंतर आलेल्या मुली पुढे गेल्या. कुणाशी बोलावं तर म्हणतील, मग सोड ना. ताईने तर म्हटलंच आहे.

पण मी प्रोग्रॅम सोडत होते की साठला घाबरत होते? हेच डोक्यातून जात नाही. साठ म्हणजे बारच्या दोन्ही बाजूंना वीसची एकेक मोठी प्लेट. कडेचा रंग उडालेली, सरकवताना खण्ण वाजणारी. ती चढली की बार खांद्यावर घेतानाच पोटात गोळा येतो. नव्या प्रोग्रॅममध्ये वजन हलकं असतं, दर खेपेला आकडा वाढतो, आणि वाटतं, हाच आपला. नुसत्या बारपासून निघालं तर साठ सतराव्या दिवशी येतो, म्हणजे सहाव्या आठवड्यात. मार्चच्या पानांवर अठरावा दिवसच नाही. सोपे दिवस मी तीनदा जगले, अवघड एकदाही नाही.

सकाळी वहीचं पहिलं पान वाचलं. माझंच अक्षर: एकाच वजनाला तीनदा अडकलं तर दहा टक्के उतरायचं आणि पुन्हा चढायचं. तीनदा. मी एकदाच अडकलेय.

आमच्या सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर आठवला. 2022, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल. क्लीन अँड जर्कच्या, म्हणजे बार आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर न्यायच्या, दुसऱ्या प्रयत्नाला कोपर दुखावलं, तरी तिसऱ्या प्रयत्नाला तो पुन्हा बारपाशी आला. उचललं गेलं नाही. एकूण 248 किलोंवर रौप्य, सुवर्ण एका किलोने गेलं. तो कुठे, मी कुठे. दुखऱ्या हाताने उचलावं असंही मला म्हणायचं नाही. पण त्याचं ते चालत येणं आज दिवसभर डोळ्यांसमोर आहे.

पाच-तीन-एकचा तक्ता आखला नाही. ती पद्धत चांगलीच असणार, पण तिथेही साठ येईलच, थोडा उशिरा. आला की मी काय करते ते मला आता माहीत आहे. तर मग इथेच.

नवीन पान काढलं. उद्याची तारीख, स्क्वॉट, 60, पाच बाय पाच. खाली पाच चौकोन आखलेत. तीनच भरले तर तीन लिहायचे.

डबा भरायचा राहिलाय.