पिशवीत काय होतं?

गणपतीच्या देवळाकडून परतताना भडंग घेतलं. तिथंच उभ्या उभ्या पुडी सोडली, कारण भडंगाची पुडी न फोडता घरापर्यंत नेणारा माणूस सांगलीत अजून जन्मायचाय. अर्धं खाऊन झालं तसा खालून रस्ता दिसायला लागला. मग एक रणगाडा. त्याच्यामागं आणखी तीन. आणि पुढ्यात पांढऱ्या शर्टातला तो माणूस. कुठल्यातरी जुन्या पुरवणीचं पान असणार. तेलाचा डाग नेमका त्याच्या हातातल्या पिशवीवर पडला होता आणि कागद तिथं आरपार झाला होता. आत काय आहे ते बघायला मी पुडी चक्क उन्हात धरली. पलीकडच्या बाजूला कुकरची जाहिरात होती.

बीजिंग, ५ जून १९८९. तो कोण, पुढं त्याचं काय झालं, आजतागायत कुणाला नक्की सांगता आलेलं नाही. त्याच्या हिमतीबद्दल जगानं भरभरून लिहिलं, ते योग्यच. माझं घोडं मात्र पिशव्यांपाशी अडतं. आदल्याच दिवशी शहरात लष्करानं आंदोलकांवर गोळ्या चालवलेल्या, तर याला उघडं दुकान मिळालं कुठं? घरी कुणी भाजीची वाट बघत होतं का? रणगाड्यासमोर उभं राहायचं ठरल्यावर माणूस आधी पिशव्या खाली ठेवील की नाही? यानं नाही ठेवल्या.

फोटो काढणारा जेफ वायडनरही तसा धड नव्हताच. अंगात फ्लू, डोक्याला दगड लागलेला, त्यात फिल्म संपलेली. हॉटेलातल्या एका विद्यार्थ्यानं कुठूनसा एक रोल पैदा करून दिला, सहाव्या मजल्याच्या बाल्कनीतून फोटो निघाला, आणि रोल हॉटेलाबाहेर पडला तो त्याच पोराच्या चड्डीत दडून. चार्ली कोल नावाच्या दुसऱ्या छायाचित्रकारानं तर आपला रोल संडासातल्या फ्लशच्या टाकीत लपवला. इतिहासाला कुठलीही वाट चालते.

मोठ्या फोटोत भलतंच बघायची ही खोड मला आजीकडून आली. आमच्या सोप्यात १९७१ च्या शरणागतीचं वर्तमानपत्रातलं कात्रण काच लावून टांगलेलं असायचं. ढाका, १६ डिसेंबर. पाकिस्तानचे जनरल नियाझी सही करतायत, शेजारी आपले जनरल अरोरा, मागं अधिकाऱ्यांची दाटी. आजोबा आल्यागेल्याला त्या काचेवर बोट टेकवून सांगायचे, त्र्याण्णव हजार सैनिक शरण आले! बोटाचा तेलकट ठसा बरोबर नियाझींच्या टाळूवर उमटलेला असे. आजी चहाचे कप उचलता उचलता एकदा त्या फोटोपाशी थांबली आणि म्हणाली, "एवढी मोठी मोठी माणसं, आणि खुर्च्या दोनच?" आजोबा उखडले. "अगं, सही करायची होती, पंगत नव्हती मांडलेली!" पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. तेव्हापासून तो फोटो बघितला की मला मागं उभे असलेल्यांचे पाय दुखताना दिसतात.

गांधीजींचा चरख्याचा फोटो घ्या. १९४६ चा, मार्गारेट बर्क-व्हाइटचा. चरखा एवढा मोठा पुढ्यात, आणि बापू पलीकडं कागद वाचत बसलेत. सूत कुणीच कातत नाही! फोटो काढण्याआधी बाईंना मात्र कातायला शिकावं लागलं होतं.

आणि हुकलेले फोटो? छायाचित्रकार होमाई व्यारावाला ३० जानेवारी १९४८ ला, गांधीहत्येच्या दिवशी, बिर्ला हाऊसकडं निघाल्या होत्या आणि मध्येच परत फिरल्या. ती हळहळ त्यांना जन्मभर पुरली. आता तसं काही हुकत नाही. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाचे आणि बुडालेल्या पेठांचे इतके फोटो निघाले की माझाच मोबाइल भरून गेला. त्यातला एक सांग म्हटलं तर मला सांगता येणार नाही.

उलट सांगलीचा जो खरा फोटो असायला हवा होता, तो मी कुठंच पाहिलेला नाही. २४ जुलै १९४३. वसंतदादा आणि त्यांचे साथीदार दिवसाढवळ्या गणेशदुर्गातला तुरुंग फोडून, तटावरून खंदकात उड्या टाकून पळाले. मागून गोळीबार. दादांना गोळी लागली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले. तिथं गॅलरीत कुणी कॅमेरा घेऊन उभं नव्हतं. खंदकात पाणी होतं की नुसता चिखल, पळणाऱ्यांच्या पायांत काही होतं की अनवाणीच, हे मला फार बघायचं होतं.

आजोबा तेव्हा दहा वर्षांचे, राहायला गावभागात. ढाक्याबद्दल तासभर बोलणाऱ्या माणसाला मी एकदा या दिवसाबद्दल छेडलं. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "शनिवार होता. सकाळची शाळा. आवाज ऐकले आणि आईनं दार लावून घेतलं. संध्याकाळी खेळायलासुद्धा सोडलं नाही."