झालं की केलं?

माझा सीव्ही मी शेवटचा नीट कधी वाचला होता ते मलाच आठवत नाही. नोकरी बदलली की वरती एक ओळ वाढवायची, खालचं तसंच, त्यामुळे त्याचा माळा झाला होता, कुठे काय पडलंय कुणाला माहीत. मग देश बदलायचा ठरला आणि ती फाइल उघडून बसले तर त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, पासपोर्टचा नंबर, छंदांमध्ये वाचन (शेवटचं पुस्तक तीन वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेलं) आणि सगळ्यात खाली 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' असं लिहून सही. जणू कुणी खोटी म्हणून पकडायला आलंच होतं.

मी हसत हसत ती सही उडवली आणि आठवड्याभरात कळलं की जर्मनीत सीव्हीच्या खाली गाव, तारीख टाकून सही करायची जुनी पद्धत आहे आणि अजूनही बरेच जण ती पाळतात. परत लावली. तेव्हा माझी दोन्हीकडे खटपट चालू होती, जर्मनी आणि अमेरिका, जिथे आधी लागेल तिथे जायचं. त्यामुळे एकाच टेबलावर माझ्या दोन आवृत्त्या तयार होत होत्या आणि दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं.

फोटोचंच घ्या. जर्मनीत 2006 साली भेदभावाविरुद्धचा कायदा आला, आता फोटोची सक्ती नाही, पण लोक लावतात, आणि चांगला स्टुडिओत काढलेला लावतात. अमेरिकेत उलटं. तिथे 1964 च्या नागरी हक्कांच्या कायद्यानं वंश, धर्म, स्त्री-पुरुष असलं काही बघून नोकरी नाकारता येत नाही, 1967 मध्ये चाळिशीच्या पुढच्यांसाठी वयाचाही कायदा आला, त्यामुळे फोटो किंवा जन्मतारीख असलेला कागद समोर आला की तिथल्या एचआरवाल्यांना घाम फुटतो. तुमचं तोंड बघायला त्यांची हरकत नसते हो, मुलाखतीला बघतातच की, बघूनच नाही म्हटलं असा पुरावा तेवढा मागे राहायला नको. जपानमध्ये तर रिरेकिशो म्हणून ठरलेला फॉर्मच असतो, फोटोची चौकट आखलेली, आणि तो हाताने लिहायची पद्धत बरीच वर्षं होती, एक अक्षर चुकलं की नवा कागद. ते वाचून मी माझं गाऱ्हाणं जरा आवरतं घेतलं.

आणखी एक गंमत म्हणजे अमेरिकेत सीव्ही म्हटलं की लोकांना प्राध्यापकांचा, सगळे पेपर-बिपर लावलेला, लांबलचक दस्तऐवज वाटतो. साध्या नोकरीला रेझ्युमे, आणि तो शक्यतो एका पानात. मी कशीबशी सगळी कारकीर्द एका पानात कोंबली, फाँट बारीक केला, समास कमी केले, जमलं, आणि मग लक्षात आलं की त्यांचा कागदच वेगळा. आपला ए फोर 210 बाय 297 मिलिमीटर, त्यांचा लेटर 216 बाय 279. म्हणजे रुंदीला 6 मिलिमीटर मिळतात आणि उंचीतून 18 कापले जातात. माझ्या शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर जाऊन पोरक्यासारख्या बसल्या. दोन नोकऱ्यांच्या मधले अकरा महिने, बाबांचं आजारपण, तेवढंच होतं त्यात. अमेरिकेच्या प्रतीत मी महिने काढून नुसती वर्षं ठेवली, आणि ते अकरा महिने कुठे गेले ते कळलंसुद्धा नाही. जर्मन प्रतीत मात्र महिन्यासकट तारखा लिहायच्या, फट दिसली की विचारणार, म्हणून तिथे 'कुटुंबातील आजारी व्यक्तीची शुश्रूषा' असं लिहिलं. एवढं कोरडं वाक्य मी आयुष्यात लिहिलं नसेल.

नावाचाही विषय निघाला. एका मैत्रिणीने सुचवलं, लांबलचक आहे, उच्चारता येत नाही, छोटं कर. तिचं अगदीच चूक नव्हतं, 2004 साली छापून आलेला एक प्रसिद्ध अभ्यास आहे, बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा, त्यांनी बॉस्टन आणि शिकागोमध्ये सुमारे 5000 बनावट रेझ्युमे पाठवले होते, त्यात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा 50 टक्के जास्त फोन आले. हे वाचून मी नाव छोटं केलं, दोन दिवस बघितलं, ती कुणीतरी दुसरीच बाई वाटली, परत लांब केलं.

पण हे सगळं एका संध्याकाळचं काम. खरी अडचण निघाली ती भाषेत.

तीच मैत्रीण, बरीच वर्षं बाहेर राहिलेली, माझा कागद वाचत होती. मी गोदामात माल-साठ्याचं काम बघायचे. सीव्ही इंग्रजीत होता पण आतून पक्का मराठी: मोजणीची पद्धत बदलण्यात आली, वेळ कमी झाला.

"कोणी बदलली?"
"बदलली म्हणजे... झालं ते."
"आपोआप?"

आता काय सांगणार. आपल्याकडे काम होतं, लग्न होतं, पोरं मोठी होतात, घर बांधून होतं, करणारा कुठे दिसत नाही. आणि 'मी मोजणी बदलली' असं छातीठोक म्हटलं तरी व्याकरण बघा, क्रियापद मोजणीच्या मागे जातं, माझ्या मागे येतच नाही. त्यांच्याकडे मात्र ओळ सुरूच क्रियापदाने होते, लेड, बिल्ट, रिड्यूस्ड, 'मी' हा शब्द लिहायचीसुद्धा गरज नाही इतका तो गृहीत धरलेला. शिवाय आकडा हवा. तो होता माझ्याकडे, महिनाअखेरीची मोजणी चार दिवसांवरून दीड दिवसावर आली होती.

पण ती कल्पना माझी नव्हती ना. आमच्याकडे एक स्टोअरकीपर काका होते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, त्यांनी रॅकवर रंगीत चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली, मोजून झालेल्याला हिरवी, शंका असेल तिथे पिवळी. मी ते बघितलं, कॉम्प्युटरमध्ये बसवलं, वरच्यांना पटवलं, तिन्ही पाळ्यांना शिकवलं. मग लेड कोण? मैत्रीण म्हणाली तूच, पटवणं आणि शिकवणं यालाच लेड म्हणतात. बरोबरच होतं तिचं. मी टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि गंमत म्हणजे ओळ वाचायला फारच छान वाटत होती.

मध्ये आणखी एक फजिती, मी हौसेने दोन कॉलमचा सुंदर सीव्ही केला होता, तो कंपनीच्या सॉफ्टवेअरने वाचला आणि शेजारच्या दोन ओळी जोडून माझ्या शिक्षणाच्या खात्यात फोर्कलिफ्ट टाकली. तेव्हापासून साधा एक कॉलम. असो.

शेवटी एक मुलाखत आली, व्हिडिओवर. समोरच्या बाईंनी कागद बघत विचारलं, ही मोजणीची ओळ चांगली आहे, जरा सांगा. मी सुरू केलं, आम्ही आधी रॅक रंगाप्रमाणे लावले, मग आम्ही पाळ्या ठरवल्या, मग आम्ही... त्यांनी हसून थांबवलं. आम्ही म्हणजे कोण कोण?

म्हणजे मी आणि, असं म्हणून मी खाली कागदाकडे बघितलं. काकांचं नाव त्यावर कुठेच नव्हतं.