अंगणातलं शिसं

जालना जिल्ह्यात अंगणवाड्यांची आरोग्य तपासणी करणाऱ्या पथकात मी डॉक्टर आहे. रक्त कमी असलेली लेकरं आम्हाला रोजच दिसतात. पण त्या साडेतीन वर्षांच्या पोराचं हिमोग्लोबिन काही केल्या आठाच्या वर सरकत नव्हतं. जंताची गोळी झाली होती. आई लोहाचं सिरप नेमाने पाजत होती, रिकाम्या बाटल्याही तिने मला आणून दाखवल्या. पोट दुखतं म्हणून पोरगं सारखं किरकिर करायचं, बोलायलाही मागेच होतं. अंगणवाडीताई म्हणाल्या, "मॅडम, माती लई खातो हा."

म्हणून त्याच्या घरी गेले. पत्र्याची खोली, पुढे सारवलेलं अंगण. कडेला पोरगं उकिडवं बसून नखाने माती उकरत होतं. तिथेच जाड काळ्या प्लास्टिकच्या कपच्या पडल्या होत्या. एक उचलून मी उलटीपालटी करून पाहत होते, तेवढ्यात आजी म्हणाली, "बॅटरीचं हाय ते. पहिले इथं गाड्याच्या बॅटऱ्या फोडायचे, शिसं गाळायचे. भट्टी बंद झाली, मंग हे प्लॉट पडले."

माझ्या पोटात गोळाच आला. भट्टी विझली तरी शिसं कुजत नाही. वरच्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. गिळलेलं शिसं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषतं, आणि अंगात लोह कमी असलं तर त्याहूनही जास्त. रक्त कमी म्हणून पोर माती खातं, मातीबरोबर शिसं पोटात जातं, आणि तेच शिसं नवं रक्त होऊ देत नाही. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या एका वस्तीत २००७-०८ साली बॅटऱ्यांच्या अशाच मातीपायी १८ मुलं दगावली.

रक्तातल्या शिशाची तपासणी आमच्याकडे होत नाही. पोराच्या रक्ताचा नमुना संभाजीनगरच्या लॅबला पाठवला. आकडा आला २९ मायक्रोग्रॅम, दर डेसिलिटरला. जागतिक आरोग्य संघटना ५ लाच कारण शोधून ते दूर करायला सांगते.

"मग औषध द्या ना मॅडम," आई म्हणाली.

शिसं बाहेर काढणारं औषध आहे, पण ते साधारण ४५ पासून पुढे देतात, आणि मेंदूचं झालेलं नुकसान त्यानेही भरून येत नाही. २९ ला उपाय एकच: पोराचा त्या मातीशी संबंध तोडायचा. डॉक्टरने गोळी द्यायची सोडून फरशी टाका म्हणावं, हे तिला कसं वाटलं असेल! पण तिने ऐकलं. बापाने पाडलेल्या वाड्याच्या जुन्या शहाबादी फरश्या मिळवल्या, बाहेरून मुरूम आणून त्यावर बसवल्या. तिथल्या मातीने सारवणं बंद. कोरडं झाडायचं नाही, आधी पाणी शिंपडायचं. घर ओल्या फडक्याने पुसायचं. घास भरवण्याआधी हात आणि नखं साबणाने धुवायची. सिरप चालूच ठेवलं.

काही महिन्यांनी आकडा १८ वर आला. मला फार बरं वाटलं, तरी १८ म्हणजे काही कमी नव्हे.

ती सगळी ओळच भट्टीच्या जागेवर आहे. माती तपासून घ्या म्हणून मी वर लिहून दिलंय, ग्रामपंचायतीलाही भेटले. शेजारची एक बाई पाच महिन्यांची गरोदर आहे. हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात रक्तात उतरतं आणि नाळेतून बाळापर्यंत पोचतं. तिचं रक्त या आठवड्यात पाठवतेय.